मास्तरांची चार वाक्यं

"ताई, त्या दिवशी तुम्ही नुसतं बसायचं," होणारी भावजय म्हणाली आणि ताईच्या चिमटीतलं भिंग निसटून टेबलावर पडलं. फुटलं नाही; कडेवर उभं राहून दोन गिरक्या घेतल्या आणि आडवं झालं. चष्म्याच्या दुकानातली दुपारची वेळ. समोर एक आजोबा तपासणीची जड चौकट नाकावर चढवून केव्हाचे ताटकळलेले. "पहिलं बरं की दुसरं?" ताईनं त्यांना तिसऱ्यांदा विचारलं. "बाई, मला दोन्ही सारखंच दिसतं हो," आजोबा म्हणाले, "तुम्हाला कोणतं आवडलं?" भावजय हसली. ताईही हसली, पण तिचं हसू ओठांच्या आत शिरलं नाही. काउंटरवर भावजयीनं ठेवलेला कागद होता. स्वागत समारंभात कोण कोण बोलणार, कितव्या क्रमांकाला, किती मिनिटं. पहिले मामा, मग भावजयीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मग नवरदेवाच्या कारखान्याचे मालक, चौथी ताई, पाचवा खुद्द नवरदेव, ताईचा धाकटा भाऊ मिठू. प्रत्येकी दोन मिनिटं, प्रत्येकाचं झालं की सगळ्यांनी उठून सरबताचे पेले उंच करायचे. आणि तळाशी, भावजयीच्या शाळामास्तरणीच्या टपोऱ्या अक्षरात: हातांनी सांगणे आणि हातांचे बोलून दाखवणे – मी. "मी" खाली दोन रेघा. "म्हणजे काय, तुम्ही जन्मभर केलंत," भावजय म्हणाली, "एक दिवस तरी पाहुणीसारख्या बसा. मिठूच म्हणाला तसं. मी जे कानावर येईल ते हातांनी आणि जे हातांवर येईल ते तोंडानं, जसंच्या तसं. चिमूटभर जास्त नाही, चिमूटभर कमी नाही." ताई म्हणाली, "बरं झालं बाई, सुटले." आणि आजोबांकडे वळून म्हणाली, "दुसरं घ्या. दुसरं बरं आहे."

सुटले म्हणाली खरी. पण भावजय गेल्यावर ताईला आपले हात मांडीवर दिसले, आणि कुणीतरी आपल्या घरी विसरून गेलेल्या वस्तूसारखे वाटले. दहा वर्षांची होती ती, तेव्हापासून हे हात कामाला होते. मिठू जन्मला तेव्हा सगळ्यांसारखाच बडबडा होता. पाळण्यात पडल्यापडल्या एवढी टकळी चालायची की आईनं त्याला मिठू म्हणायला सुरुवात केली. दीड वर्षाचा असताना तापानं फणफणला, अकरा दिवस. ताप उतरला तो ऐकणं घेऊन उतरला. टकळी महिनाभर तशीच चालली, मग हळूहळू थांबली, पाणी बंद केल्यावर नळ थोडा वेळ ठिबकत राहतो तशी. नाव मात्र राहिलं. आई त्याला छातीशी धरून गायची. त्याला ऐकू येत नसे, पण तो तळहात तिच्या गळ्यावर ठेवायचा आणि गळा थरथरला की खुदकन हसायचा. आईची ओवी तिची स्वतःचीच होती, कुठं ऐकलेली नाही:

*माझ्या मिठूचं बोलणं, हाताच्या पाकळीत,*
*ज्याला दिसं त्याला कळं, बाकी सारे गलबल्यात.*

ताईला दिसायचं. तिला आधी दिसायचं, मग कळायचं आणि मग ती ते जगाला सांगायची. आणि सांगताना, हळूच, साखर पेरायची. दुकानदार म्हणाला, "ह्या बहिऱ्याला उगाच कशाला आणता," तर तिचे हात म्हणायचे, "गर्दी आहे म्हणतात, नंतर या." मिठू चिडून म्हणाला, "ह्या काकू गाढव आहेत," तर तिचं तोंड म्हणायचं, "काकू, तो म्हणतो तुम्ही दमलेल्या दिसता." काकू विरघळायच्या, मिठूच्या गालाला हात लावायच्या, मिठू बुचकळ्यात पडायचा, की गाढव म्हटलं तरी ही बाई लाड का करते? घरात ह्यावर हसायचे. बाबा म्हणायचे, आमची ताई दोन्ही तीरांवरून एकच नाव चालवते, आणि दोन्हीकडचं माप आपल्या पायलीनं मोजते. थट्टाच होती ती. मुलीचं कौतुकच होतं. त्या कौतुकातच तिचे हात सोकावले.

समारंभाला आठ दिवस होते. रविवारी सकाळी मिठू घरी आला. लग्न ठरल्यापासून तो कारखान्याजवळच्या नव्या खोल्यांत राहायला गेला होता, तिथल्या भिंतींना अजून रंगाचा वास होता म्हणे. आल्या आल्या त्यानं दोन बोटं खांद्यावरून खाली ओढली. हे ताईचं नाव. तिची वेणी. वेणी कापून पंधरा वर्षं झाली, केस पांढरे होऊन पाच, पण त्याच्या हातांत ती अजून लांब होती. त्याच्या अंगठ्यांना पॉलिशचा तांबूस डाग होता, तो आता धुऊन जात नसे. बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या खुर्च्या, दुसऱ्यांनी केलेली कपाटं तो चकाकवत आला होता. त्याच्यासारखं पॉलिश त्या पट्ट्यात कुणी करत नाही असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. "बस," त्याचे हात म्हणाले, "माझं भाषण बघ. हसायचं नाही." ती स्टुलावर बसली. तो खिडकीशी उभा राहिला, उजेड हातांवर पडेल असा. लग्नाचा नवा सदरा त्यानं मापासाठी घातला होता, त्याच्या बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी लोंबत होती, आणि तो बोलू लागला की ती चिठ्ठीही बोलू लागायची.

आधी त्यानं मामांची नक्कल केली. मग बायकोबद्दल बोलला, लाजत लाजत. मग त्यानं पुन्हा वेणी ओढली. "माझी ताई," त्याचे हात म्हणाले. "मी एकोणीस वर्षांचा होतो. नक्षी शिकवणारे मोठे मास्तर दुरून आले होते, एका मुलाला न्यायला. मला वाटलं, मलाच नेतील. त्यांना ऐकू येणारा मुलगा हवा होता. त्या दिवशी मला कुणाचं तोंड बघू नये असं झालं. ताईनं मला कारखान्याच्या मागं नेलं, लाकडाच्या ढिगाआड, आणि मिठी मारली, आणि सांगितलं, ते तुझ्या लायकीचे नाहीत. जगात एक माणूस तरी माझ्याशी खरं बोलतो, एवढ्यावर मी त्या दिवशी घरी आलो. आज मी उभा आहे तो त्या मिठीमुळे. सगळ्यांनी पेला उचला, माझ्या ताईसाठी." त्यानं रिकामा हात उंच केला, अदृश्य पेला धरून, आणि विचारलं, "कसं आहे? इथं लोक रडतील ना?" ताई म्हणाली, "रडतील." तिनं उठून त्याच्या बाहीची चिठ्ठी दातांनी तोडली.

ढिगाआड मिठी मारली होती, हे खरं. भुशाचा वास होता, मिठूच्या मानेला घाम होता. पण त्याआधीचं, आतल्या मोठ्या खोलीतलं, ते त्याच्या डोळ्यांसमोर घडूनही त्याला कळलं नव्हतं. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाबा खिडकीशी बसत आणि दिवसभरात तीन शब्द बोलत: हो, नको, असू दे. ताई सत्तावीस वर्षांची. कारखान्यात लांब टेबलावर सात मुलांनी कोरलेल्या सात फळ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर वेल. मास्तर म्हातारे, कोट घातलेले, एका डोळ्यानं अधू. ते एकेका फळीवरून बोट फिरवत चालले होते आणि मिठूच्या फळीपाशी थांबले. बोट मागं नेलं, पुन्हा फिरवलं. मग त्यांनी कोण हा म्हणून विचारलं, आणि मिठूला ऐकू येत नाही हे कळल्यावर ताईकडे वळून चार वाक्यं बोलले. चारच. आणि पाचवं विचारलं: "तीन वर्षं परक्या गावात एकटा राहील का? विचारा त्याला." तिनं विचारलं. मिठूचे हात सोडलेल्या पाखरांसारखे उडाले. "राहीन. आजच निघतो. कपडे पण नकोत." तिनं ते पाहिलं. ती मास्तरांकडे वळली, आणि तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं, अशी तिनं पुढं बावीस वर्षं स्वतःची समजूत घातली. ती म्हणाली, "नाही म्हणतो. त्याला घर सोडवत नाही." मास्तरांनी मिठूकडे बघितलं. "हसतोय तर," ते म्हणाले. ताई म्हणाली, "तो असाच हसतो." मास्तरांनी मिठूचा खांदा थोपटला, जरा जास्त वेळ थोपटला, आणि पुढच्या फळीकडे गेले. मिठूनं खांद्यावरच्या त्या थोपटण्याचा अर्थ तिला डोळ्यांनीच विचारला. तिचे हात म्हणाले, "ऐकू येणारा मुलगा हवा म्हणतात."

बाबांचं कुणी बघायचं, परक्या गावात ह्याला कोण समजून घेईल, यंत्रावर बोट गेलं तर? ही सगळी कारणं खरी होती. तिनं ती एकेक करून नीट पुसून ठेवली होती, भिंगं पुसते तशी. पण कोणत्याही भिंगातून पाहिलं तरी पलीकडे तेच दिसायचं: संध्याकाळचं घर, खिडकीशी बाबा, आणि बोलायला कुणी नाही. तो गेला असता तर तिचे हात मुके झाले असते. एवढंच. एवढ्यासाठी. बाबा पुढं चारच वर्षांत गेले. तेव्हाही मास्तर हयात होते, दोन वर्षांनी पुन्हा मुलगा न्यायला आले होते म्हणे. तेव्हा सांगता आलं असतं. मिठू तिसाचा झाला तेव्हा, मास्तरांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा. दर वेळी तिला वाटायचं, आता सांगून काय. मागं वळून पाहिलं की कळायचं, ती प्रत्येक वेळ ही सांगायची वेळ होती, आणि आपण तिला उद्या ये म्हणून परत लावली.

त्या आठ दिवसांत तिनं दोन कागद केले. एक दुकानात, नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर: त्यात मिठू लहानपणी जमिनीला गाल लावून बाबांची पावलं कशी ओळखायचा ते होतं, आणि पॉलिशच्या डब्यात मांजर पडलं होतं ते होतं, आणि लोकांनी हसावं आणि मग डोळे पुसावेत अशा बेतानं सगळं बसवलेलं होतं. दुसऱ्या कागदावर एकच ओळ होती आणि ती तिनं सात वेळा खोडली. तीनदा ती त्याच्या नव्या खोल्यांकडे गेली. पहिल्यांदा तिथं त्याची मित्रमंडळी पडदे लावत होती. दुसऱ्यांदा तो एकटा होता, तिनं हात वर केले, तर तो म्हणाला, "थांब, आधी हे बघ," आणि नव्या कपाटाचं दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं, पुन्हा उघडून दाखवलं. बिजागरी वाजत नाही म्हणून भावजय खूश होती. त्याला वाजणं न वाजणं सारखंच, पण ती खूश म्हणून तो खूश. त्या दाराच्या उघडझापीत तिचं बोलणं राहिलं. तिसऱ्यांदा ती जिन्यातूनच परत फिरली. तोंडात तीळ भिजत नाही अशी माणसं सुखी, तिला वाटलं. आपल्या तोंडात बावीस वर्षं एक खडा आहे आणि आपण त्याच्यावरून जेवतो, हसतो, गिऱ्हाइकांना विचारतो, आता कसं दिसतंय?

समारंभ सकाळी अकरा वाजता होता. उंच खिडक्यांचा दिवाणखाना, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर पिवळ्या सरबताचे पेले. ऊन त्यांतून शिरून पांढऱ्या कापडावर थरथरत होतं. मामा हातात घड्याळ घेऊन फिरत होते. "दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं," त्यांनी माइकवरून बजावलं. "माझ्या लग्नात माझा मेव्हणा पाऊण तास बोलला. त्याचं भाषण संपेपर्यंत आमचं पहिलं भांडण होऊन मिटलंसुद्धा होतं." लोक हसले. क्षणभरानं खिडकीजवळची दोन टेबलं हसली, भावजयीचे हात तिथं पोचल्यावर. ती मिठूची मंडळी, त्याच्यासारखीच, वीसेक जण. मुख्याध्यापिका बोलल्या. मालक बोलले, "आमच्या कारखान्याची चकाकी म्हणजे हा मुलगा," आणि पेले उंच झाले. ताईनं भावजयीचे हात पाहिले. स्वच्छ हात होते. मालक मध्येच "बिचारा" म्हणाले, तर हातांनीही बिचारा म्हटलं. मिठूनं भुवई उडवली आणि हसला. ताईला वाटलं, हा शब्द मी असते तर गाळला असता. आणि पाहा, त्यानं काहीच झालं नाही, तो मेला नाही.

"आता नवरदेवाची ताई!" मामा म्हणाले. "हिच्यासाठी घड्याळ बंद." ती उठली. हातात मांजराचा कागद होता. समोर मिठू, खुर्चीच्या कडेवर सरकून बसलेला, पुढचा क्रमांक त्याचा. त्याची बोटं मांडीवर हलत होती, धडा घोकणाऱ्या पोरासारखी, आणि तिला त्यांतलं एक वाक्य तेवढ्यात ओळखू आलं: जगात एक माणूस तरी माझ्याशी खरं बोलतो. तिनं कागद टेबलावर पालथा ठेवला. माइक भावजयीच्या हातात दिला. "तू बोल," ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलते." तिला वाटलं होतं, हात म्हणजे आड-पडदा. लहानपणापासून तसंच होतं. भरल्या बसमध्ये, पाहुण्यांच्या घोळक्यात, दोघं हातांनी काय वाटेल ते बोलायची आणि कुणाला पत्ता लागत नसे. त्या सवयीनं ती खिडकीजवळची दोन टेबलं साफ विसरली.

"मिठू," तिचे हात म्हणाले, आणि भावजयीचा आवाज म्हणाला, "मिठू." "तुझ्या भाषणातली ती मिठी खरी आहे. बाकीचं खरं नाही." आवाज म्हणाला, "बाकीचं..." आणि अडखळला. ताईचे हात थांबले नाहीत. "मास्तरांनी तुला निवडलं होतं. तू राहीन म्हणालास. मी त्यांना सांगितलं, नाही म्हणतो. मी तुला सांगितलं, नको म्हणतात. त्यांनी नको म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. मला एकटं राहायची भीती वाटली." भावजयीनं माइक ओठांशी धरला होता. मग तो आवाज आला, पातळ, गोड: "ताई म्हणतात... भावासाठी खूप काही करायचं होतं. राहून गेलं. पण त्यांचं प्रेम..." आणि पुढचं टाळ्यांत बुडालं. लोक उठले. पेले उंच झाले. मामा रुमालानं डोळे टिपत होते. ताईला ती चव ओळखू आली. तिचीच साखर होती ती, दुसऱ्या हातानं पेरलेली. तिनं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं मान खाली घातली. आणि तेव्हा ताईला खिडकीजवळची टेबलं दिसली. तिथं कुणी उठलं नव्हतं. वीस जण बसून होते, त्यांच्या समोर पेले भरलेले, आणि त्यांचे हात मांडीवर, हलत नव्हते. त्यांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या. त्यांनी फक्त तिला पाहिलं होतं.

मिठू उभा राहिला. त्याचा चेहरा ताईला वाचता येईना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. ती राग शोधत होती, रडू शोधत होती, राग आला असता तर तिनं तो दोन्ही हातांनी घेतला असता. त्यानं वेणी ओढली नाही. त्याचे हात सावकाश वर आले. "मलाच निवडलं होतं?" "हो," ती म्हणाली. "तुलाच." "सातांत?" "सातांत तुलाच." त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं, आणि ते तिला बघवेना, कारण तो एकोणीस वर्षांचा चेहरा होता, तसाच, कुणी वापरलेला नाही असा. तो परक्या गावी गेला नाही, एवढाच आपला गुन्हा, असं तिनं आजवर धरून ठेवलं होतं. बावीस वर्षं तो आपण पसंत पडलो नाही असं समजून जगला, दुसऱ्यांच्या खुर्च्यांना चकाकी देत, हे तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. "काय म्हणाले ते?" त्यानं विचारलं. "माझ्या फळीबद्दल. काय म्हणाले? सगळं सांग."

आजूबाजूला लोक खाली बसत होते, खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी "आता नवरदेव, आता नवरदेव" म्हणत होतं. ताईला चारही वाक्यं पाठ होती. तिनं हात वर केले आणि जसंच्या तसं सांगितलं, चिमूटभर जास्त नाही. "ते म्हणाले, बाकीच्यांनी पानं कोरली आहेत, ह्याच्या पानावरून वारा गेलाय. देठ मात्र कच्चा आहे. तो मी शिकवीन. ह्यालाच नेतो." मिठूनं ते बघितलं. मग स्वतःशीच, छातीजवळ, लहान लहान खुणांनी ते पुन्हा म्हटलं, वारा, देठ, शिकवीन. आणि देठापाशी त्याचा डागाळलेला अंगठा हवेत थांबला, जणू खाली लाकूड आहे आणि तो चूक चाचपतोय. "बरोबर आहे," तो म्हणाला. "देठ कच्चाच होता."

मग त्यानं डोळे मिटले. त्याच्याशी बोलणारी सगळी दारं तिथंच होती, ती त्यानं आतून लावून घेतली, आणि आता तिनं काहीही म्हटलं तरी ते त्याच्यापर्यंत जाणार नव्हतं. ताई हात तसेच धरून उभी राहिली. मामा हळूच म्हणाले, "ताई, बस आता." ती बसली नाही. तो डोळे उघडेल तेव्हा समोर हात दिसायला हवेत, एवढंच तिला कळत होतं.